येतो म्हणून गेलो

मी ज्या जर्मन मिडफिल्डरची गाडी सात महिने चालवली, त्याचा खेळ मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मोठ्या खेळाडूच्या शेजारी बसून ह्याचं डोकं फिरलं असं पुढं कुणी म्हणायला नको. माझं डोकं आधीपासूनच फिरलेलं आहे. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल पेठेपेठेचा असतो आणि मॅचच्या आठवड्यात दुसऱ्या पेठेतल्या सख्ख्या मेव्हण्याशीही बोलणं बंद असतं. मी स्वतः आमच्या पेठेकडून चार हंगाम मधल्या फळीत खेळलो. मग गुडघा गेला, ड्रायव्हिंगचं लायसन आलं, आणि फिरत फिरत दोह्याला एका फुटबॉल क्लबचा ड्रायव्हर म्हणून पोचलो.

त्यामुळं मधल्या फळीतल्या गड्यानं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. चेंडू मिळाला की मान वर करायची आणि पुढं घुसायचं. पडलं तर पडलं. गॅलरीतून चार शिव्या येतात, त्या पदरात घ्यायच्या. हा गडी मात्र चेंडू मिळाला की आधी डावीकडं बघायचा, मग उजवीकडं बघायचा, शाळेत पोरांना रस्ता ओलांडायला शिकवतात तसा, आणि शेवटी शेजारच्या माणसाकडं आडवा सरकवायचा. दहा पावलांवर. पास कधी चुकायचा नाही, हे मान्य. पण दहा पावलांवरचा पास माझ्या आईनंसुद्धा चुकवला नसता.

हे मी त्याला दुसऱ्याच आठवड्यात विचारलं. माझं इंग्रजी मोडकं आणि त्याचंही काही फार धड नव्हतं, त्यामुळं आमचं जमलं.

"सर, तुम्ही चेंडू पुढं का मारत नाही?"

"पुढं आपला माणूस मोकळा नसतो."

"मग लांब मारा की. तो पळंल आणि होईल मोकळा."

"नाही होणार."

"ट्राय तर करा."

त्यानं खरोखर विचार केला. सिग्नल हिरवा होईपर्यंत केला. मग म्हणाला, "मी अठरा वर्षं यावर विचार केलाय. नाही होणार."

क्लबनं मला त्याच्याकडं दिलं ते त्याच्या उजव्या गुडघ्यामुळं. इथं आल्या आल्या त्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली. बंदी दीड महिन्यात उठली, पण तोवर त्याला माझी सवय झाली होती. मी मागचं दार उघडून उभा राहायचो आणि तो रोज ते बंद करून पुढं येऊन बसायचा. मागं बसलं की रस्ता दिसत नाही, म्हणायचा. पहाटेच्या सरावाला जायला तो गेटवर वेळेच्या आधी उभा असायचा, आणि मी वेळेवर पोचलो तरी मला उशीर झाल्यासारखं वाटायचं. याचा मला फार राग यायचा.

त्याला खोटं बोलता यायचं नाही. प्रामाणिक माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, ती चारचौघांत बरं दिसावं म्हणून तरी थोडं खोटं बोलतात. याला तेवढंसुद्धा जमायचं नाही. बरवा अल बराहा या कामगारांच्या वस्तीत आमच्या खोलीत चौघं राहतो, दोन सांगलीचे वेल्डर, एक बीडचा सुतार आणि मी. एका शुक्रवारी मी तांबडा रस्सा केला आणि डबा भरून त्याला नेऊन दिला. दुसरा कुणी असता तर डबा मोरीत ओतून 'व्हेरी नाइस' म्हणाला असता. हा दुसऱ्या दिवशी रिकामा, घासलेला डबा हातात देऊन म्हणाला, "मी सगळं संपवलं. पण हे जेवण नाही, ही दुखापत आहे." एकदा मी त्याला माझं ड्रायव्हिंग कसं आहे असं विचारलं. "पुरेसं," तो म्हणाला. खोलीत सांगितल्यावर वेल्डर दोन दिवस मला 'पुरेसा' म्हणून हाक मारत होते.

त्यानं आपलं करिअर मला कधी सलग सांगितलं नाही. ते मला सिग्नलांच्या हिशेबानं मिळालं. कोळशाच्या खाणींच्या गावात जन्म. बाप खाणीच्या वर्कशॉपमध्ये. नवव्या वर्षी एका मोठ्या क्लबच्या शाळेत निवड, आणि मग रोज आगगाडीनं दोन तास जाणं आणि दोन तास येणं. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या संघात. पुढं देशाकडूनही खेळला, पण बोटांवर मोजण्याइतकंच. एका मोठ्या स्पर्धेला गेला आणि महिनाभर बाकावर बसला. संघ जिंकला, याला मेडल मिळालं.

"न खेळता?" मी विचारलं.

"न खेळता."

मी म्हणालो की यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्याकडं पेठ जिंकली की पाण्याच्या बाटल्या नेणाऱ्यालासुद्धा खांद्यावर घेऊन नाचतात. तो म्हणाला, "पाण्याच्या बाटल्यापण मी नेल्या." मग दोन वर्षं इंग्लंड, तीन वर्षं तुर्कस्तान, आणि मग गुडघा. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इथं. पस्तीस उलटलेल्या मिडफिल्डरला ज्या देशात पळायचं सोडून बाकी सगळं मिळतं, तिथं तो येऊन पोचला होता. हे वाक्य माझं आहे, त्याचं नाही. तो असलं काही बोलायचा नाही.

त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यानं मला जानेवारीत सांगितली, अल खोरहून परत येताना. तिथं मॅच होती आणि तो पूर्ण वेळ बाकावर बसला होता. त्यानं खिशातून फोन काढून मला एक चित्र दाखवलं. त्याची सात वर्षांची मुलगी आईबरोबर जर्मनीत राहते. आईबाप वेगळे झालेत, पण भांडून नव्हे. शाळेत मुलांना 'माझे बाबा काय काम करतात' यावर चित्र काढायला सांगितलं होतं. मुलीनं एक पलंग काढला होता, पलंगावर लांबलचक माणूस आडवा, गुडघ्याला पांढरं बँडेज आणि शेजारी बर्फाची बादली.

"बाईंनी आईला फोन करून विचारलं, की बाबा बरेच दिवस आजारी आहेत का," तो म्हणाला.

मी आधी हसलो. मग बघितलं तर तो हसत नव्हता. तो जेव्हा खरा खेळायचा तेव्हा ही पाळण्यात होती, आणि तिला समजायला लागलं तेव्हापासून बाप एकतर कुबड्यांवर नाहीतर बर्फात. तिनं त्याला एकदाही मैदानात पळताना बघितलं नव्हतं. ईस्टरच्या सुट्टीत ती आईबरोबर आठवडाभर दोह्याला येणार होती. हंगामातली शेवटची मॅच नेमकी त्याच आठवड्यात होती, पुन्हा अल खोरलाच. त्यानंतर तो खेळणं सोडणार होता.

"तिनं मला एकदा खेळताना बघावं," तो म्हणाला. एवढंच. जणू पुढच्या वळणावर डावीकडं घे, असं सांगितलं.

मला बरं वाटलं नाही. माझी मुलगी अकरावीत आहे. तिला कुणी चित्र काढायला सांगितलं तर ती बहुतेक एक फोन काढेल आणि त्यातून कुणीतरी 'जेवलीस का' विचारतंय असं दाखवेल. त्या दिवशी मी त्याच्या आडव्या पासांबद्दल काही बोललो नाही. तो खेळलाच नव्हता म्हणून बोललो नाही असं त्याला वाटलं असेल, तर वाटू दे.

मार्चपासून तो सरावात जनावरासारखा राबायला लागला. कोचनं त्याला सरळ सांगितलं होतं, की शेवटच्या मॅचआधी डॉक्टरांची फिटनेस टेस्ट पास झालास तर यादीत नाव, नाहीतर नाही. टेस्ट मॅचच्या दोन दिवस आधी ठरली. बुधवारी, संध्याकाळी पाच वाजता. मायलेकी मंगळवारीच पोचल्या आणि एका हॉटेलात उतरल्या होत्या.

आता माझा पराक्रम ऐका.

त्याच बुधवारी माझ्या गाडीचा इस्तिमारा संपत होता, म्हणजे इथलं नोंदणीचं कार्ड. ते नवं करायचं तर गाडी तपासणी केंद्रात नेऊन पास करून घ्यावी लागते. क्लबनं ठरवलं की मी दुपारी तपासणीला जायचं आणि पाचच्या टेस्टला त्याला न्यायला क्लबचा दुसरा ड्रायव्हर पाठवायचा. तो ड्रायव्हर नेपाळचा, गुणी माणूस, कुणालाही उलट प्रश्न न विचारणारा. त्याचाच घोटाळा झाला म्हणा.

दुपारी एक वाजता मी आमच्या जर्मनाला घरी सोडलं. त्याचा व्हिला अल थुमामाच्या एका कंपाउंडमध्ये होता आणि विमानतळ जवळ असल्यानं डोक्यावरून सारखी विमानं जायची. तो उतरला, बॅग खांद्याला लावली, खिडकीशी वाकला आणि काहीतरी बोलला. वरून एक धूड चाललं होतं. मला त्याचे नुसते ओठ हललेले दिसले. माणूस उतरताना खिडकीत वाकून बोलतो ते काय बोलतो? थँक्यू, बाय, जपून जा. मी हात वर केला आणि रोज म्हणायचो तेच म्हणालो.

"ओके सर, आय कम!"

आणि गेलो.

तपासणी केंद्रात माझ्या पुढं अर्धं दोहा शहर उभं होतं. माझा नंबर लागला तर म्हणे पुढचा एक दिवा कमी जळतो. दिवा बदलून आणा. बदलून आणला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला लागलो. गाडी आत घेतली की ड्रायव्हरनं बाहेर काचेमागं बसायचं, आणि माझा फोन राहिला गाडीत. बाहेर आलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. फोनवर त्याचे सहा मिस्ड कॉल आणि टीम मॅनेजरचे पाच. मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "कुठं आहेस? तुझा खेळाडू टेस्टला आलाच नाही. डॉक्टर वाट बघून गेले. खलास!"

मला काही कळेना. मी आधी नेपाळ्याला फोन केला. तो मला दाजू म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. म्हणाला, "दाजू, मी पावणेपाचला गेलो होतो. साहेब म्हणाले, माझा ड्रायव्हर येतो म्हणालाय, तू जा. मी आलो परत."

"अरे, मी कशाला येतो म्हणेन? मी तर इथं रांगेत मरतोय!"

"मला काय माहीत दाजू. साहेब म्हणाले."

मी रागानं लाल झालो. माणसानं किती सरळ असावं त्याला काही मर्यादा आहे. आलेल्या गाडीत बसायचं, टेस्ट द्यायची आणि मग सावकाश मला शिव्या घालायच्या. वर मी म्हणालोय म्हणून माझ्यावर ढकलायचं! त्याला आता गाठतोच, असं म्हणत आधी क्लबच्या ऑफिसात गेलो, कारण मॅनेजर तिथंच होता आणि माझी नोकरी त्याच्या हातात होती.

ऑफिसात कागदपत्रं बघणारे एक क्लार्क आहेत, रत्नागिरीकडचे, बावीस वर्षं इथं. सगळ्या क्लबात माझ्याशी मराठी बोलणारे ते एकटे. मी त्यांना चाचा म्हणतो आणि ते मला कोल्हापूर म्हणतात. मॅनेजरच्या केबिनबाहेर त्यांनी मला अडवलं.

"आत जाऊ नको, तापलाय. आधी मला सांग, त्याला सोडताना शेवटचं काय बोललास?"

"काय बोलणार चाचा? रोजचंच. येतो म्हणालो."

"मराठीत?"

"त्याला मराठी कळतंय व्हय? इंग्लिशमध्ये. आय कम."

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही डोळे चोळले.

"आणि तो काय बोलला?"

"वरनं विमान चाललं होतं. ऐकायला नाही आलं."

"मी सांगतो काय बोलला. मॅनेजरला त्यानं फोनवर सांगितलंय. तो विचारत होता, की तू तपासणीला चाललास, मग पाच वाजता मला न्यायला कोण येणार? आणि तू बोललास, मी येतो! अरे मेल्या, मग तो दुसऱ्याच्या गाडीत कशाला बसेल?"

मी खुर्चीत बसलो. सात महिने रोज दोनदा मी त्या माणसाला 'येतो' म्हणून निघून जात होतो.

"पण चाचा, मग निघताना म्हणायचं काय? जातो?"

"तसलं बोलू नको!" चाचा पटकन म्हणाले आणि त्यांनी दाराकडं बघितलं.

"आय गो म्हणू?"

"इंग्रजीत झालं म्हणून काय झालं?"

बावीस वर्षांचा अरबी-इंग्रजीचा अनुभव आणि माझे सात महिने एकत्र करूनही आम्हाला घरातून निघताना म्हणायचं एक वाक्य सापडेना. शेवटी चाचा उठले. "चल आत. तुझ्यापेक्षा मीच सांगतो."

मॅनेजर जाडजूड, दाढीवाला, अरबी बोलणारा माणूस. चाचांनी अरबीत सुरुवात केली. मला मधले हातवारे तेवढे कळत होते. मॅनेजरचा चेहरा आधी रागीट होता, मग तो नुसताच गोंधळला. त्यानं माझ्याकडं वळून इंग्रजीत विचारलं.

"तुमच्या भाषेत जाणारा माणूस 'येतो' म्हणतो?"

"हो सर. जातो म्हणणं चांगलं नसतं. जातो म्हणजे... कायमचा."

"बरं. मग येणारा काय म्हणतो?"

"तोही येतोच म्हणतो सर."

"मग समोरच्याला कळतं कसं?"

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी म्हणालो, "चपला बघायच्या सर. घालत असला तर चाललाय, काढत असला तर आलाय."

चाचांनी याचं अरबी केलं. मॅनेजर तीन सेकंद माझ्याकडं बघत राहिला आणि मग असा हसायला लागला की त्याला ठसका लागला. त्यानं तिथंच डॉक्टरला फोन लावून सगळी कथा सांगितली, चपलांसकट. यादी गुरुवारी दुपारी पाठवायची होती. डॉक्टर म्हणाले, सकाळी साडेसहाला आणा. मॅनेजर मला म्हणाला, "तूच आण. आणि निघताना त्याला काही बोलू नकोस. एक शब्द नाही."

मी तसाच अल थुमामाला गेलो. आमचा जर्मन व्हिलाच्या पायऱ्यांवर बसला होता. सरावाचे कपडे, पायात बूट, मांडीवर बॅग. सव्वाचारपासून तिथंच होता. मला बघून तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं, मला भांडण जमतं. तो नुसता म्हणाला, "तू आलास."

मी पायरीवर बसून त्याला 'येतो' समजावून सांगितला. माझी चूक, माझ्या भाषेची चूक, विमानाची चूक, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही.

"पहिल्या दिवशी मी दारात अर्धा तास उभा होतो," तो म्हणाला. "तू येतो म्हणालास म्हणून. तू आला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आलास. तेव्हा मला वाटलं, याचा अर्थ पुढच्या वेळी मी येईन, असा आहे. आणि तू पुढच्या वेळी दरवेळी आलास. सात महिने." तो थांबला. "म्हणून मी दुसऱ्या गाडीत बसलो नाही."

आजवर कुणी माझ्या शब्दावर इतका भरवसा ठेवला नव्हता, बायकोनंसुद्धा नाही, आणि तिचं बरोबरच आहे. उद्या सहाला गेटवर, एवढं सांगून मी उठलो. निघताना तोंडात आलेला शब्द गिळला आणि नुसती मान हलवली. ते फार चमत्कारिक वाटलं. मयताला जाऊन आल्यासारखं.

सकाळी डॉक्टरांनी त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्या, पळवला, गुडघा दाबून, वाकवून, पिळून बघितला. मी जाळीबाहेर उभा होतो. माझी मुलगी दहावीच्या पेपराला गेली होती तेव्हा मी इथं होतो, त्यामुळं परीक्षेच्या दाराबाहेर उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ. अर्ध्या तासानं तो बाहेर आला. "जेमतेम," म्हणाला. यादीत नाव लागलं. पण राखीव खेळाडूंत.

शुक्रवारी संघ बसनं अल खोरला गेला आणि मी मायलेकींना गाडीतून घेऊन निघालो. मुलगी किडकिडीत, पुढचे दोन दात पडलेले, डोक्यावर बापाची टोपी डोळ्यांपर्यंत आलेली. शाळेत शिकलेलं चार शब्दांचं इंग्रजी ती माझ्यावर वापरून बघत होती. आई आमच्या जर्मनासारखीच कमी बोलणारी, पण हसरी. स्टेडियममध्ये गर्दी नव्हतीच. आईनं मलाही शेजारी बसवून घेतलं, कारण मुलीला सगळं विचारायचं होतं.

"बाबा कुठं आहेत?"

मी बाकाकडं बोट दाखवलं. तिनं नीट बघितलं.

"इथंपण बसलेत?"

आई तोंडावर हात घेऊन हसली. मला हसू आलं नाही. मॅच सुरू झाली, हाफ टाइम झाला, पुन्हा सुरू झाली. आमच्या क्लबनं एक गोल केला. मुलीचं लक्ष चिप्सच्या पाकिटाकडं जास्त होतं. साठ मिनिटं झाली, सत्तर झाली. कोच उठायचा, पाणी प्यायचा आणि बसायचा. मी त्याला कोल्हापुरीत ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. दोन बदल झाले, दोन्ही पोरगेलेसे. मग ऐंशी मिनिटं झाल्यावर कोच मागं वळून काहीतरी बोलला आणि आमचा जर्मन उठून उभा राहिला.

मी ओरडलो. आई उभी राहिली. मुलीच्या हातातलं पाकीट पडलं.

तो आत आला आणि पळाला. मला सांगायचंय ते हेच, की तो पळाला. फार जोरात नाही, उजवा पाय जरा जपून, पण पळाला. मुलगी कठड्याला धरून टाचा उंचावून बघत होती आणि टोपी मागं सरकवत होती. त्याला चेंडू मिळाला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आडवा दिला. पुन्हा मिळाला, पुन्हा आडवा दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणालो, दे बाबा, आडवाच दे, पाच मिनिटं राहिलीत, असाच देत राहा.

आणि मग त्यानं मान वर केली. त्याच्या पुढं मोकळं मैदान होतं, निदान त्याला तसं वाटलं असावं. सात महिने मी ज्याच्यासाठी त्याचं डोकं खात होतो, तो लांब, उंच, पुढचा पास त्यानं मारला. मारायचं कारण त्याला विचारायची गरज नव्हती, ते कारण माझ्या शेजारी कठड्याला लोंबकळत होतं. चेंडू सुरेख गेला आणि थेट समोरच्या संघाच्या खेळाडूच्या पायात जाऊन पडला. तो गडी वळला, तीरासारखा सुटला, आमचे दोघं मागं पडले, आणि गोल. एक-एक. समोरच्या बाजूचे लोक नाचायला लागले.

माझ्या बाजूला मुलगीही नाचायला लागली.

"बाबांनी दिला! बाबांनी दिला आणि गोल झाला!" ती आधी जर्मनमध्ये ओरडली, मग मला कळावं म्हणून इंग्रजीत. कोणत्या रंगाचे कपडे कोणाचे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी चेंडू एका माणसाला दिला, तो पळाला आणि जाळीत मारला, एवढं तिनं बघितलं होतं. आईनं माझ्याकडं बघितलं आणि मी आईकडं. आम्ही दोघांनीही तिला काही सांगितलं नाही. मैदानात आमचा जर्मन कमरेवर हात ठेवून खाली बघत उभा होता. मुलीनं हाक मारली, त्यानं वर बघितलं, आणि ती एवढ्या जोरात टाळ्या का वाजवतेय हे त्याला कळेना.

मॅच तशीच संपली. तो संघाच्या बसमध्ये बसला नाही, आमच्या गाडीत आला. केस ओले, चेहरा उतरलेला. पुढच्या सीटवर बसून त्यानं पट्टा लावला आणि समोरच्या काचेकडं बघत राहिला. मी गाडी काढली. मला वाटलं काहीतरी बोलावं, पण सात महिन्यांत पहिल्यांदाच मला त्याच्या खेळाबद्दल काही म्हणायचं नव्हतं.

मागून मुलगी पुढं झुकली. तिनं दोघांच्या सीटांच्या मधून डोकं घातलं आणि मलाही कळलं पाहिजे म्हणून आपल्या मोडक्या इंग्रजीतच विचारलं, "बाबा, तो पास तुम्ही त्या माणसालाच देणार होता?"

मी रस्त्याकडं बघत होतो. या माणसानं माझ्या रश्श्याला दुखापत म्हटलं होतं. न खेळता मिळालेल्या मेडलाबद्दलसुद्धा तो कधी खोटं बोलला नव्हता. एक राउंडअबाउट गेला, मग दुसरा गेला.

"हो," तो म्हणाला. "त्यालाच."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पास होता तो."

ती किंचाळली आणि तिनं मागून त्याच्या गळ्याला मिठी मारली. तो दुखरा गुडघा सांभाळत सीटवर अख्खा मागं वळला आणि दोन्ही हातांनी दाखवत, जर्मनमध्ये, तो पास कसा दिला ते तिला सांगायला लागला. मान कधी वर केली, पाय कसा लावला, चेंडू हवेत कसा फिरला. मला एक शब्द कळत नव्हता. माझे डोळे भरून आले होते, ते मी पुसले नाहीत. तो सांगत होता आणि ती पुन्हा विचारत होती, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. अल खोरहून दोह्याला मी तो रस्ता पाऊण तासात गाठतो. त्या संध्याकाळी गाडी साठाच्या वर नेली नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, मारू दिले.